‘वाइल्डकॅट काडतूस’ला मराठीत काय म्हणावं?

लातूरकर: एका भाषांतरात ‘रानमांजर काडतूस’ दिसलं. हे चालेल का? आणि ‘केस’ला, म्हणजे काडतुसाच्या धातूच्या नळकांड्याला, आपला शब्द कोणता?

नांदेडकर: रानमांजर नकोच, वाचणाऱ्याला काही कळणार नाही. तयार पुंगळीची (केसची) मान, खांदा किंवा लांबी बदलून केलेलं आणि कोणताही कारखाना प्रमाणित मापात काढत नाही, ते वाइल्डकॅट. दुसरी अट विसरू नका. .३०-०६ या काडतुसाची मान आवळून .२५-०६ झालं (०६ म्हणजे १९०६, मूळ काडतुसाचं साल). १९६९ मध्ये रेमिंग्टन कंपनीनं ते बाजारात आणलं आणि ते वाइल्डकॅट राहिलं नाही. .२२-२५० चंही १९६५ मध्ये तेच झालं. म्हणून नुसतं ‘रूपांतरित’ अपुरं पडतं. .२४३ विंचेस्टर .३०८ च्याच पुंगळीवर बेतलेलं आहे, तरी ते कारखान्याचं प्रमाणित काडतूस. ‘अप्रमाणित रूपांतरित काडतूस’ लिहा, नाहीतर सरळ वाइल्डकॅट.

परभणीकर: ‘केस’ म्हणजे पुंगळी. बातमीत ‘रिकाम्या पुंगळ्या सापडल्या’ म्हणतात, तीच. तिचे भाग बूड, अंग, खांदा, मान, तोंड. अख्ख्या काडतुसाला ‘गोळी’ म्हणायची सवय मात्र इथं घात करते, कारण मान आवळली की गोळी बारीक लागते, बूड तेवढंच राहतं. ‘तोटा’ विहिरीच्या सुरुंगाला राहू द्या.

लातूरकर: आणि ‘ॲनीलिंग’, म्हणजे धातू तापवून नरम करणं? खुरप्याला पाणी देतात तसं ‘पाणी देणं’ म्हणू का?

नांदेडकर: नाही हो, ते उलट आहे! पाणी दिल्यानं पोलाद कडक होतं, इथं पितळ नरम करायचंय. पुंगळीच्या पितळात साधारण ७०% तांबं, ३०% जस्त असतं. दर आवळणीला ते ताठरतं आणि मान उभी तडकते. म्हणून ‘मान नरम करणे’ म्हणा. ‘पुंगळी नरम करणे’ कधीच लिहू नका. बूड नरम झालं तर दाब पेलत नाही, फाटतं. दुसरा शब्द ‘मान तासणे’. आवळल्यावर घेर घटतो, पितळ तेवढंच राहतं, म्हणून भिंत जाड होते. ती तासली नाही तर चेंबरमध्ये (बंदुकीत काडतूस बसतं त्या जागेत) मानेला फुलायला जागा उरत नाही, गोळी अडकून सुटते आणि दाब धोक्याइतका चढतो.

परभणीकर: ‘गावठी काडतूस’ही टाळा, आपल्याकडे ‘गावठी’ म्हटलं की बेकायदा कट्टाच डोळ्यापुढं येतो. तळटीप मात्र द्या: शस्त्र अधिनियम, १९५९ च्या कलम ५ प्रमाणे दारूगोळा बनवायला परवाना लागतो.