सोलर पॅनेलखालची कबुतरं
सोलर पॅनेलखाली कबुतरं राहायला लागली की त्यांना घाबरवायला सीडी आणि चमचमत्या पट्ट्या टांगायचा सल्ला काहीजण देतात, पण कबुतरं त्यांना लवकरच सरावतात. गच्चीवरच्या पॅनेलखाली त्यांना सावली आणि आडोसा मिळतो, तो आडोसाच बंद करा. चारही बाजूंनी गंज न धरणारी जाळी लावून घ्या. पॅनेलला भोक मात्र पाडू देऊ नका, जाळी अडकवायला क्लिपा मिळतात. त्याआधी खाली घरटं आहे का ते वाकून नीट बघा. अंडी साधारण 18 दिवसांत फुटतात, पिल्लं उडायला आणखी महिनाभर लागतो. तेवढं थांबा, आत कोंडून मारू नका हो. आणि विष्ठा सुकी झाडू नका! ती धूळ फुप्फुसांना फार वाईट. पाणी मारून भिजवा, मास्क लावा, मगच खरवडा. शेजारी दाणे टाकत असतील तर त्यांच्याशीही बोलावं लागेल.