जंगल घटत असताना तुकड्यांची संख्या उतरते कशी? मदत हवी आहे

वनमापक (धागाकर्ता): नमस्कार. पाम तेलाच्या भावाचा जंगलतोडीवर होणारा परिणाम मोजताना मी दोन महिने एकाच ठिकाणी अडकलो आहे. २००१ पासून जंगलाचे क्षेत्र सतत घटते आहे. परंतु जंगलाच्या तुकड्यांची संख्या आधी वाढते आणि शेवटच्या वर्षांत एकदम निम्म्यावर येते. यावरून जंगल पुन्हा सांधले गेले असा अर्थ निघतो आणि तो मला मुळीच पटत नाही. फ्रॅगस्टॅट्स या जंगलाच्या तुकड्यांचे मोजमाप करणाऱ्या संगणक-प्रणालीतील कोणता निर्देशांक वापरावा? अहवाल सोमवारी द्यायचा आहे, तेव्हा कृपया थेट उत्तर द्यावे.

दूरदृष्टी: थेट उत्तर देण्याइतकी माहितीच आपण दिलेली नाही. नकाशे कोणत्या उपग्रहाचे, पिक्सेल (चित्रातला सर्वांत लहान चौकोन) किती मीटरचा, आणि जंगल कशाला म्हटले आहे? जागतिक अन्न व कृषी संघटनेच्या व्याख्येत तेलपामची लागवड जंगलात मोडत नाही, रबराची मात्र मोडते. उपग्रहाला दोन्ही हिरवेच दिसते.

पाऊलवाट: आकडा चुकलेलाच असेल असे नाही. तोड सुरू झाली की सलग जंगलाचे तुकडे पडून संख्या वाढते आणि पुढे ते लहान तुकडेच नष्ट झाले की संख्या उतरते, म्हणून संख्या हे मापच फसवे आहे. त्याऐवजी जंगलातील यदृच्छेने निवडलेली दोन ठिकाणे एकाच तुकड्यात पडण्याची शक्यता काढावी. मी गेली अनेक वर्षे हेच वापरतो.

किनारा: मी असहमत आहे. तुकड्यांपेक्षा कड मोजणे महत्त्वाचे. ब्राझीलमध्ये मानाउसजवळ १९७९ पासून चाललेल्या प्रयोगात १, १० आणि १०० हेक्टरांचे तुकडे अभ्यासले गेले आणि कडेलगतच्या सुमारे १०० मीटरांच्या पट्ट्यात झाडांची मर वाढलेली आढळली. नकाशावर जे जंगल शाबूत दिसते, त्यातले बरेचसे आतून खचत असते.

हिरवळ: कार्बनचा हिशेब करायचा असेल तर लायडारने, म्हणजे लेझर किरणांनी, झाडांची उंची मोजावी. मला त्याचा फार उपयोग झाला.

दूरदृष्टी: @हिरवळ, कार्बनविषयी कोणी विचारलेले नाही. @वनमापक, माझे प्रश्न अजून अनुत्तरित आहेत.

वनमापक: क्षमस्व. किमान ३० टक्के छत्राच्छादन (झाडांच्या शेंड्यांखाली झाकलेली जमीन) असेल ते जंगल धरले असून लागवडी हाताने वगळल्या आहेत. २०१५ पर्यंतचे नकाशे लँडसॅटचे, ३० मीटरचे आहेत. ढगांमुळे पुढची चित्रे अपुरी पडली, म्हणून त्यानंतर मोडिसचे २५० मीटरचे घेतले. हे सांगण्याजोगे वाटले नव्हते.

दूरदृष्टी: सगळे कोडे इथेच आहे! २५० मीटरचा एक पिक्सेल म्हणजे ६.२५ हेक्टर, आणि त्यात ३० मीटरचे जवळपास ६९ पिक्सेल मावतात. लहान तुकडे त्यात विरले आणि अरुंद फटीही बुजल्या, त्यामुळे कोणताही निर्देशांक आपल्याला वाचवणार नाही. जुने नकाशेही २५० मीटरवर आणून सगळी मालिका नव्याने काढावी.

पाऊलवाट: तसे करणे घातक ठरेल. भाव चढला की लहान शेतकरी अर्धा-एक हेक्टर तोडतो आणि मोठी कंपनी एकाच वेळी शेकडो हेक्टर साफ करते. जाड्या पिक्सेलमध्ये पहिला दिसेनासा होतो, आणि भावाचा परिणाम फक्त कंपन्यांवर होतो असा खोटा निष्कर्ष आपल्या अहवालात जाईल. २०१६ पासून सेंटिनेल-२ या उपग्रहाची १० मीटरची चित्रे घेऊन ती ३० मीटरवर आणावीत.

दूरदृष्टी: मुद्दा मान्य आहे, पण ते सोमवारपर्यंत होणार नाही.

किनारा: तोवर भाव आणि तोड एकाच वर्षाची जुळवू नये, एवढे तरी पाहावे. भाव वाढल्यापासून जमीन, पैसा आणि मजूर जुळेपर्यंत वेळ जातो.

वनमापक: २०१५ चा एकच नकाशा दोन्ही आकारांत मोजून पाहिला, २५० मीटरवर तुकडे निम्म्याहून कमी भरले. सोमवारची मुदत वाढवून घेतली आहे. ढग टाळण्यासाठी सेंटिनेलची दोन वर्षांची चित्रे एकत्र केली, तर ती तोड कोणत्या वर्षाच्या खात्यावर धरावी?