अनुभव धागा: हॉटेलात माणसं का टिकेनात?

परवा बेळगावच्या खडेबाजारात जेवायला गेलो तर दारावर खडूनं लिहिलेलं, ‘वाढपी नाहीत, रात्रीचं जेवण बंद’. लहानपणी वडिलांचं बोट धरून जायचो त्या हॉटेलात. मनाला लागलं. बेळगाव, खानापूर, निपाणी, सौंदत्ती, दांडेली-जोयडा, कुठलेही असा. हॉटेल, लॉज, होमस्टे चालवणाऱ्यांनी लिहा, आणि तिथं राबणाऱ्यांनी तर नक्की लिहा.

खानावळ, शहापूर (बेळगाव)
बायका मिळतात, पण रात्री थांबायला कुणी मिळत नाही. जून २०२३ मध्ये कर्नाटकात बायकांना सरकारी बस फुकट झाली, तेव्हापासून खेड्यातल्या चौघी भाकरी करायला येतात. आधी पगारातला मोठा वाटा तिकिटातच जायचा. पण त्यांच्या गावची शेवटची बस आठला. साडेसातला नजर घड्याळाकडं, परातीत पीठ तसंच. डिसेंबरात इथल्या सुवर्ण विधानसौधला विधिमंडळाचं अधिवेशन बसलं की रात्री दहापर्यंत गिऱ्हाईक असतं. तेव्हा मी आणि सून, दोघीच निभावतो.

वेटर, कळंगुट, गोवा (मूळ गाव खानापूर तालुक्यात)
कामाला कंटाळून गेलो नाही ओ. बेळगावच्या एका लॉजवर दीड वर्ष काढलं. सकाळी सहाला खोल्या झाडायच्या, रात्री अकराला गिऱ्हाइकाला पाणी न्यायचं. झोपायला गच्चीवर टाकीखाली जागा. टाकी भरून वाहिली की अंथरूण भिजायचं. मग गादी गुंडाळून जिन्यात बसायचं, उजाडेपर्यंत. आई दवाखान्यात होती तेव्हा सुट्टी मागितली, तर ‘आधी उचल फेड’ म्हणाले. फेडली, आणि चोर्ला घाट उतरलो. इथं ऑक्टोबर ते मे सीजन, चौघांत एक खोली, टीप ज्याची त्याला. पावसाळ्यात भात लावायला घरी येतो. बेळगावात पगार दोन हजार कमी दिला तरी येईन, पण कोरडी जागा आणि आठवड्याची सुट्टी पाहिजे.

मांडे करणारी, वडगाव
मांडा हातावर फिरवत वाढवायचा आणि तापलेल्या खापरावर टाकायचा. धगीनं हातावरची लव जळते. शिकायला दोन पोरी आल्या, आठवड्यात कपड्याच्या दुकानात गेल्या. तिथं पंखा आहे, त्यांना मी कशी बोलू? लग्नसराईत ऑर्डरी परत करताना जीव तुटतो.

होमस्टे, जोयडा
काळी नदीवर राफ्टिंगला येणारे शनिवार-रविवारी. बाकी पाच दिवस खोल्या रिकाम्या, आणि आचाऱ्याला पगार महिन्याचा. सहा महिन्यांत तिघे सोडून गेले. शेवटी शेजारच्या तीन होमस्टेंनी मिळून एकच ठेवला, पगार वाटून, पूर्ण महिन्याचा. दिवाळीपासून टिकलाय.

धागा काढणारा
आज परत त्या हॉटेलात गेलो. मालकांना कळंगुटच्या भावाचा अनुभव वाचून दाखवला. काही बोलले नाहीत. मग मला माळ्यावर घेऊन गेले. तांदळाची पोती रचलेली खोली, एक खिडकी. ‘पोती खाली नेली तर दोन खाटा बसतील काय?’ विचारत होते. पावलांनी मोजली, तीन बसतात.