मदत हवी आहे: दोघांनी गाडी आणि तंबू घेऊन हरिहरेश्वर ते राजापूर

नमस्कार मंडळी,

मार्गशीर्ष शुद्ध पंचमीच्या सुमारास मी आणि नवरा पुण्याहून आमच्या गाडीने कोकण किनाऱ्याला निघतोय. हाताशी आठवडाभराची सुट्टी आहे. शक्य तितके मुक्काम तंबूतच करायचे, हे दोघांच्या मनात लग्नाच्या आधीपासून आहे. सह्याद्रीत गडांवर तंबूत राहिलोय, पण समुद्राकाठी कधीच नाही, म्हणून हा धागा.

ढोबळ बेत असा: ताम्हिणी उतरून माणगाव, म्हसळामार्गे हरिहरेश्वर. तिथून बागमांडला-वेसवी फेरीबोटीने पलीकडे, मग बाणकोट, वेळास, केळशी, आंजर्ले, हर्णै. सुवर्णदुर्ग पाहायचाच आहे, 2025 मध्ये तो मराठ्यांच्या बारा किल्ल्यांपैकी एक म्हणून जागतिक वारसा यादीत आल्यापासून नवऱ्याने धोशाच लावलाय. मग पन्हाळेकाजीची लेणी, दाभोळ-धोपावे फेरी, गुहागर, हेदवी, तवसाळ-जयगड फेरी, गणपतीपुळे, रत्नागिरी, आणि शेवटी कशेळी-बारसूची कातळशिल्पं, म्हणजे कातळात कोरलेली चित्रं. परत येताना अणुस्कुरा किंवा आंबा घाट.

गाडी साधी हॅचबॅक. तंबू दोन माणसांचा, घुमटाच्या आकाराचा. छोटी गॅसची शेगडी, डोक्याला बांधायच्या विजेऱ्या, पाण्याचा वीस लिटरचा कॅन एवढं सामान.

विचारायचंय ते हे. किनाऱ्यावर तंबू लावू देतात का, आणि नसतील तर कुठे लावावा? वाळूत खुंट्या टिकतात का? बेतातलं काय गाळावं? नकाशावर अंतरं छोटी दिसतात, पण कोकणातले रस्ते नकाशावर मोजायचे नसतात एवढं कळतं. आणि दोघंच असताना रात्री कितपत सुरक्षित वाटतं, हे ज्यांनी असा प्रवास केलाय त्यांच्याकडून ऐकायला आवडेल.

– पायवाट

वाडीवरून

ताई, पहिल्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण बाकी सगळं त्यावर अवलंबून आहे. पुळणीवर, म्हणजे किनाऱ्याच्या वाळूत, तंबू लावू नका. गावात विचारा आणि कुणाच्या तरी आगरात (नारळ-पोफळीच्या बागेत) किंवा अंगणात लावा.

आमचा किनारा रात्री जागा असतो. 1993 साली मुंबईच्या बाँबस्फोटांची स्फोटकं शेखाडीला उतरली, मग 26/11 झालं, आणि 2022 च्या ऑगस्टमध्ये हरिहरेश्वरजवळ रायफली असलेली बेवारस बोट लागली. तेव्हापासून किनाऱ्यावर रात्री अनोळखी उजेड दिसला की कुणीतरी येऊन विचारणारच, आणि त्यात काही गैर नाही. पोलीसपाटलांना किंवा सरपंचांना उजेडीच भेटा, नाव-गाव सांगा, आधार कार्ड दाखवा. एकदा तुम्ही "अमक्यांकडे उतरलेले पाहुणे" झालात की रात्री बॅटरी मारून कुणी उठवत नाही, उलट सकाळी चहा येतो.

सुरूचं बन बघून मोह होईल. पण अशी बनं बऱ्याच ठिकाणी वनखात्याची असतात, आणि सुरूच्या वाळलेल्या काड्यांचा थर कागदासारखा पेटतो. तिथे शेगडीसुद्धा नको. घरमालकाची परवानगी घेऊन आगरात लावलात तर एकच गोष्ट पाहा: तंबूच्या बरोबर वर काय आहे. नारळाखाली कधीच नाही. पिकलेला नारळ रात्री वाऱ्याने सुटतो आणि वाळलेली झावळी नारळाहून जड पडते. पोफळीच्या कडेला, फणसाखाली किंवा झाप विणायच्या मोकळ्या खळ्यात लावा. खळं सारवलेलं असेल तर खुंट्या ठोकू नका, दोऱ्या दगडांना बांधा.

वेळासला मात्र अंगणातही विजेऱ्या जपून वापरा. कासविणी नोव्हेंबरपासून अंडी घालायला येऊ लागतात आणि उजेड दिसला की मागे फिरतात. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने आणि गावकऱ्यांनी 2002 पासून तिथली घरटी राखली आहेत. पिल्लं समुद्रात जाताना पाहायची असतील तर फेब्रुवारी-मार्चमध्ये पुन्हा यावं लागेल.

भरतीओहोटी

बेत किलोमीटरवर आखू नका, तिथीवर आखा. एवढं एक केलंत की काय गाळायचं ते आपोआप कळेल.

आमच्याकडचं जुनं गणित असं: तिथीला पाऊणने गुणा, भरती पूर्ण होण्याची वेळ मिळते. पंचमीला पावणेचार, अष्टमीला सहा, पौर्णिमेला सव्वाअकरा. दुपारची आणि पहाटेची, दोन्ही. साधारण सव्वासहा तासांनी ओहोटी. दक्षिणेकडे जाल तसा अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, त्यामुळे त्या गावातल्या खलाशाला विचारून पक्कं करायचं. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास उधाण, अष्टमीच्या आसपास भांग. भांगाला पाणी फार चढत नाही आणि फार उतरतही नाही.

आता तुमच्या तारखांना लावून बघा. पंचमीला हरिहरेश्वरला पोचाल. देवळामागचा प्रदक्षिणेचा मार्ग कड्यातल्या पायऱ्या उतरून थेट खडकांवर जातो आणि तो फक्त ओहोटीला करायचा. तिथे लाट माणसाला ओढून नेते, असे मृत्यू झालेले आहेत. पंचमीला पावणेचारला भरती, म्हणजे संध्याकाळी पोचल्या पोचल्या पाणी वरच असेल. षष्ठीला सकाळी साडेदहाच्या सुमारास ओहोटी. तेव्हा नऊ ते अकराच्या दरम्यान प्रदक्षिणा करा आणि मगच फेरीला निघा. बागमांडला जवळच आहे.

हेदवीची बामणघळ याच्या बरोबर उलट. उमा-महेश्वराच्या देवळाजवळ खडकात अरुंद चीर आहे, तिच्यात लाट कोंडली की पाणी उंच उडतं, आणि ते भरतीलाच. तुम्ही तिथे अष्टमी-नवमीला पोचाल असं दिसतं. नवमीची भरती सकाळी पावणेसातची, वेळ छान आहे, पण भांग असल्याने पाणी जोर धरणार नाही. बामणघळ मनासारखी पाहायची तर हेदवी द्वादशी-त्रयोदशीला यायला हवी. नसेल जमत तर तिच्यासाठी मुद्दाम थांबू नका. दशभुज गणेशाचं देऊळ पाहा आणि पुढे जा.

गणपतीपुळ्याला पाण्यात उतरू नका. भरती असो वा ओहोटी, तिथला तळ फसवा आहे. पाय बुडवायचे असतील तर गुहागर किंवा कर्दे, तेही गावकऱ्यांना विचारून.

आणि गाडी वाळूत घालू नका, चार पावलंसुद्धा नाही. ओली वाळू वरून घट्ट दिसते, चाक थांबलं की खाली बसते, आणि पाणी कुणाची वाट पाहत नाही.

सडेफिरी

खुंट्यांबद्दल. कोरड्या वाळूत नेहमीची बारीक खुंटी टिकत नाही. चार कापडी पिशव्या न्या, वाळूने भरा, दोरी गळ्याशी बांधा आणि हातभर खड्डा करून पुरा. सड्यावर, म्हणजे उघड्या कातळाच्या माळावर, याच्या उलट अडचण: जांभा दगड, खुंटी आतच जात नाही. तिथे दोऱ्यांना दगड लागतात. पण ते दगड कुणाच्या गडग्यातून (दगडी कुंपणातून) काढू नका. एक निघाला की पावसात अख्खा गडगा ढासळतो.

दगड हाताने उलटायचाही नाही. रत्नागिरीच्या सड्यांवर फुरसं हा विषारी साप खूप आहे. वीतभर-हातभर लांबीचं, मातीच्या रंगाचं, दगडाखाली वेटोळं घालून बसतं आणि पळून जाण्याऐवजी अंग घासून खरखर आवाज करतं. आधी काठीने दगड हलवा. अंधार पडला की विजेरीशिवाय पाऊल नको, बूट तंबूच्या आत ठेवा आणि सकाळी झटकून घाला. लाल विंचूही आहे. महाडच्या डॉ. हिम्मतराव बावस्करांनी प्राझोसिन या औषधाचा उपचार रुळवल्यापासून विंचूदंशाचे मृत्यू खूप कमी झालेत, पण वेळेवर दवाखाना गाठला तरच. फुरसं असो की विंचू, मांत्रिक नाही, पट्टी आवळणं नाही, थेट सरकारी दवाखाना. प्रत्येक मुक्कामाला पोचलं की आधी तो कुठे आहे ते विचारून ठेवा.

कातळशिल्पांसाठी दुपार टाळा. डोक्यावर ऊन असताना रेषा सपाट होतात, शेजारून चालत जाल तरी दिसणार नाहीत. सकाळी आठ-नऊला किंवा साडेचारनंतर तिरपी उन्हं पडली की खोदलेल्या रेषेची एक कड काळी होते आणि अख्खा प्राणी समोर उभा राहतो. कशेळीचा हत्ती इतका मोठा आहे की जवळून तो हत्ती वाटतच नाही. त्याच्या पोटात इतर प्राणी कोरलेत, आधी ते एकेक ओळखा, मग कडेने पूर्ण फेरी मारा आणि सोंड शोधा. मला हे शिल्प जयगडच्या किल्ल्यापेक्षा शंभरपट मोलाचं वाटतं. कोकणातल्या आठ आणि गोव्यातल्या एका ठिकाणची शिल्पं 2022 पासून जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत आहेत, तरी अनेक ठिकाणी राखण करणारं गावाशिवाय कुणी नाही. म्हणून हात जोडून सांगतो: शिल्पाच्या आसपास तंबू नको, चूल नको, फोटो नीट यावा म्हणून रेषेत खडू किंवा पाणी घालणं नको, आणि गाडी रस्त्यावरच.

पायवाट

खूप खूप आभार. तिथीचं गणित आजीकडून ऐकलेलं होतं, पण ते प्रवासाला असं लावता येईल हे डोक्यातच आलं नव्हतं. एक विचारायचं राहिलं. आगरात राहिलो तरी संडास-बाथरूमचं कसं करावं? आणि आम्ही दोघंच, म्हणजे घरमालकांना संकोच वाटेल असं काही होतं का?

केळफुल

बाईच्या बाजूने सांगते, कारण आम्हीही असेच दोघं केळशी-आंजर्ल्याला राहिलोय.

घर निवडताना ज्या घरात बायामाणसं दिसतात तिथेच विचारायचं, आणि नवऱ्याने नाही, तुम्ही विचारायचं. "काकू, रात्री तुमच्या अंगणात तंबू लावला तर चालेल का? जेवण तुमच्याकडे घेऊ, पैसे देऊ." हे शेवटचं वाक्य फार महत्त्वाचं. कोकणी माणूस जागेचे पैसे मागायला लाजतो, पण जेवणाचे घेतो, आणि त्यातच न्हाणीघर, संडास, विहिरीचं पाणी सगळं येतं. लग्न झालंय का हे विचारतील. राग मानू नका, त्यांना आजूबाजूला उत्तर द्यायचं असतं. जेवून झालं की काकूंबरोबर पडवीत अर्धा तास बसा. मला तिथेच कळलं की याकूबबाबांच्या दर्ग्याची वाट कुठून आहे आणि वाळूच्या टेकडीकडे कोणत्या बाजूने जावं.

सगळ्या रात्री तंबूत काढू नका. मधे एक रात्र खोली घ्या. एमटीडीसीची (राज्याच्या पर्यटन महामंडळाची) निवासं हरिहरेश्वर, वेळणेश्वर आणि गणपतीपुळ्याला आहेत. कपडे धुवायला, फोन-विजेऱ्या चार्ज करायला आणि केसांतलं खारं पाणी काढायला ती रात्र लागतेच.

तंबूचं दार जमिनीकडे करू नका असं कुणी सांगेल, पण रात्री वारा जमिनीकडूनच येतो, शाळेत शिकलेले मतलई वारे. वरच्या जाळ्या उघड्या ठेवून दार थोडं त्या बाजूला ठेवलंत तर आत दमट होत नाही. मार्गशीर्षात दव इतकं पडतं की सकाळी बाहेरचं कापड पिळावं लागतं. ते ओलंच गुंडाळून गाडीत टाकलंत तर दुसऱ्या रात्री बुरशीचा वास. दुपारी कुठेही जेवायला थांबलात की गाडीच्या टपावर पसरा.

शेगडी आहेच, तर कुळथाचं पीठ, कोकम आणि भाजलेला मसाला बरोबर ठेवा. पिठी दहा मिनिटांत होते, भात फेरीबोटीच्या धक्क्यावर थांबलात तरी शिजतो. मासे खात असाल तर संध्याकाळी हर्णै बंदरात लिलाव असतो, तो पाहाच.

पायवाट

सगळ्यांचं वाचून रात्री दोघांनी बसून बेत नव्याने मांडला. चुकत असेल तर सांगा.

पंचमी: हरिहरेश्वर, एमटीडीसी किंवा गावात. षष्ठी: सकाळी ओहोटीला प्रदक्षिणा, मग फेरी, बाणकोटचा किल्ला, संध्याकाळपर्यंत आंजर्ले. सप्तमीही आंजर्ल्यालाच, तंबू न हलवता: कड्यावरचा गणपती, सुवर्णदुर्ग, हर्णैचा लिलाव. अष्टमी: पन्हाळेकाजी निवांत, ती 29 लेणी घाईत पाहायची नाहीत, मग दाभोळहून फेरी आणि वेळणेश्वरला खोली. नवमी: सकाळी हेदवी, मग जयगडची फेरी, किल्ला गाळला, आरे-वारेच्या रस्त्याने रत्नागिरीच्या पुढे कशेळीकडे. दशमी: सकाळच्या उन्हात कशेळी, संध्याकाळच्या उन्हात बारसू. एकादशीला अणुस्कुऱ्याने घरी. वेळास आणि गुहागर पूर्ण सोडले, वेळासला मार्चमध्ये पिल्लांसाठी वेगळं येऊ.

भरतीओहोटी

बेत जमलाय. दोनच सूचना. सुवर्णदुर्गाला होडी सकाळी धरा, दुपारनंतर खारा वारा वाढला की हर्णैचे खलाशी नेत नाहीत, आणि नेतो म्हणाला तरी तुम्ही जाऊ नका. किल्ल्यावर दुकान नाही, पाणी बरोबर घ्या.

अष्टमीला पन्हाळेकाजीत वेळ विसरायला होतं. दाभोळची शेवटची फेरी किती वाजता सुटते ते त्या दिवशी सकाळीच फोन करून विचारा, कारण ती चुकली तर खाडीला वळसा घालून चिपळूणमार्गे वेळणेश्वर गाठायला मध्यरात्र होईल. उशीर होणार असं दिसलं तर दाभोळलाच राहा आणि चंडिकादेवीचं गुहेतलं देऊळ सकाळी पाहून पहिली फेरी घ्या.

सडेफिरी

नवमीची कशेळी मला जरा ओढाताणीची वाटते. हेदवीहून निघायला दहा वाजले तर अंधाराआधी सड्याजवळ पोचून जागा शोधणं कठीण. त्यापेक्षा पावसला थांबा, तिथे राहायची सोय सहज होते. दशमीला सहाला निघालात की तिरपी उन्हं असतानाच कशेळीला असाल. गावातला माणूस वाट दाखवायला बरोबर घ्या आणि त्याला त्याच्या वेळेचे पैसे द्या. परत आल्यावर रस्त्यांची आणि फेऱ्यांची ताजी स्थिती इथेच लिहा, पुढच्यांना उपयोग होईल.