मदत हवी आहे : ऊसतोडीला जाणाऱ्या मावशीची कवळी कोठे आणि केव्हा करावी?

नमस्कार. माझी मावशी बीड जिल्ह्यातील धारूर तालुक्यात राहते. वय ५४. दिवाळीच्या आगेमागे ती आणि काका कोयता घेऊन कारखान्यावर जातात आणि मार्च-एप्रिलमध्ये परततात. तिचे वरचे चार आणि खालचे पाच दात उरले असून त्यांतलेही काही हलतात.

मिश्री लावण्याची सवय लहानपणापासूनची. हिरड्यांतून रक्त येऊ लागले तेव्हाही, ठणका बधिर होतो म्हणून, ती मिश्रीच अधिक दाबून लावत राहिली. जो दात असह्य झाला तो काढला गेला. रूट कॅनलला तीन-चार फेऱ्या आणि काही हजार रुपये लागले असते, काढणे मात्र एका फेरीत आणि जवळजवळ फुकट होत होते. आमच्या भागातील सरकारी दवाखान्यात दात काढून मिळतो, बसवून मिळत नाही. आता भाकरी आमटीत कुस्करल्याशिवाय तिला खाता येत नाही आणि लग्नकार्यात ती पदर तोंडावर धरूनच बसते.

पैशांची सोय आम्ही भाचे मिळून करू, पण खरी अडचण दिवसांची आहे. कवळीसाठी चार-पाच वेळा जावे लागते असे कळले. हंगामात एक दिवस चुकला तरी खाडा धरला जातो, आणि छत्रपती संभाजीनगरचे शासकीय दंत महाविद्यालय गावापासून दीडशे किलोमीटरांहून दूर आहे. केंद्राच्या राष्ट्रीय वयोश्री योजनेत कवळी मिळते, परंतु त्यासाठी वय ६० हवे. राज्याच्या मुख्यमंत्री वयोश्री योजनेचे ३,००० रुपये ६५ वर्षांनंतरचे. जनआरोग्य योजनेत साधी कवळी बसत नाही, असे आरोग्यमित्राने सांगितले. दात पन्नाशीत गेले तर पुढची दहा वर्षे माणसाने काय चावावे, हे कोणत्याच योजनेत लिहिलेले दिसत नाही.

उरलेले दात काढावेत का, आणि हे सगळे दोन हंगामांच्या मधल्या काळात बसवता येईल का? बाजाराच्या दिवशी एक जण 'तासाभरात पक्के दात' बसवून देतो. काकांचा ओढा तिकडे आहे. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद :
मी दंतवैद्य आहे. आधी त्या बाजारातल्या माणसाविषयी. असे लोक पावडर आणि द्रव कालवून खोटा दात शेजारच्या दातांना चिकटवून टाकतात. तो काढून घासता येत नाही, खाली अन्न कुजते आणि शेजारचे चांगले दातही जातात. काकांना कृपया थांबवा.

वेळ पुरेल, मात्र सुरुवात परतल्याबरोबर व्हायला हवी. एप्रिलमध्ये रक्तातील साखर तपासून घ्या, कारण मधुमेह असल्यास हिरड्या लवकर खराब होतात आणि जखम उशिरा भरते. काढायचे दात त्याच महिन्यात काढावेत. हाड भरून स्थिर व्हायला दोन-तीन महिने द्यावे लागतात. घाईने माप घेतले तर हिरडी पुढे आक्रसते आणि कवळी सैल होते. जुलैमध्ये पहिले माप, मग पक्के माप, चावा ठरवणे, मेणावर दात लावून पाहणे आणि शेवटी कवळी देणे, अशा फेऱ्या होतील. लांबून येत असल्याचे पहिल्याच दिवशी सांगा. काही टप्पे लागोपाठच्या दिवशी घेता येतात का ते पाहतात. कवळी गणपतीपर्यंत हातात आली पाहिजे, कारण ती टोचते तेथे घासून घ्यायला पुन्हा जावे लागते. खालची कवळी जिभेमुळे हलते, तिची सवय व्हायला महिना-दीड महिना लागतो. फडात गेल्यावर टोचू लागली, तर ती पेटीतच पडून राहील. कोणते दात काढायचे ते एक्स-रे पाहूनच ठरेल.

धागाकर्ता :
मनःपूर्वक आभार. काकांना हे वाचून दाखवले आहे. पुढच्या हंगामाची उचल (मुकादमाकडून मिळणारी आगाऊ रक्कम) ठरवतानाच या फेऱ्यांचे दिवस धरून ठेवू, असे ते म्हणाले. मावशीने एकच विचारायला सांगितले आहे : वरचा डावा सुळा अजून घट्ट आहे, तो ठेवून कवळी करता येते का?