कापडी नॅपी: सुरुवात कशी केलीत, कुठे अडलात? सातारा-सांगलीकरांचे अनुभव

लेक पोटात सात महिन्यांची असतानाच मी कापडी नॅप्यांचा अख्खा संच मागवला. वीस नग, सगळ्यांवर हत्ती-जिराफ. सवलत होती ना! बाळ जन्मलं दोन किलो सहाशेचं. बटणं अगदी आतली लावली तरी मांडीपाशी दोन बोटं जातील एवढी फट. पहिल्याच दिवशी चार झबली, दोन दुपटी आणि सासूबाईंची साडी ओली. सासूबाई काही बोलल्या नाहीत. कपाटातून जुनं मेणकापड काढून त्यांनी गादीवर अंथरलं, एवढंच.

मग तीन महिने हत्ती-जिराफ कपाटात आणि बाळ लंगोटात. पाच किलोच्या पुढे गेल्यावर त्या नॅप्या अंगाला बसायला लागल्या, पण तरी गळायच्याच. का, ते कळायला आठवडा गेला. आतले पॅड एकदाच धुऊन वापरायला काढले होते. कोरा पंचा अंग पुसत नाही, पाणी नुसतं वरून घरंगळतं, हे आपल्याला लहानपणापासून ठाऊक. तोच नियम सुती नि बांबूच्या पॅडला. पाच-सहा वेळा धुऊन वाळवल्यावर ते शोषायला लागले. एवढी साधी गोष्ट नॅपीला परदेशी नाव लागलं की डोक्यात येत नाही.

आता लेक पाच महिन्यांची आहे आणि गाडी रुळावर आहे. साताऱ्यात ओळखीतल्या तिघीजणी बाळंतपणाच्या उंबरठ्यावर आहेत, तिघींचे तेच प्रश्न. म्हणून म्हटलं, एकदाच सगळ्यांचं गोळा करावं. लिहिताना तीन गोष्टी नक्की सांगा: पाणी कुठलं, वाळत कुठे घालता, आणि धुतं कोण. तिसऱ्यातच खरी मेख आहे. कुठली कंपनी चांगली ते नको. डायपर वापरणाऱ्यांना टोमणेही नकोत. प्रवासात मीही वापरते, आणि घंटागाडीत कागदात गुंडाळून वेगळा देते. घनकचरा नियमांत २०१६पासूनच तसं सांगितलेलं आहे, पाळतं कोण हा भाग निराळा.

मिरज. मुलगा साडेतीन महिन्यांचा. पाणी नळाचं, धुणं आई आणि मी

मी बाळंतपणाला माहेरी होते, त्यामुळे निवड करायची वेळच आली नाही. आठव्या महिन्यातच आजीनं तिची दोन जुनी सुती पातळं काढली. काठ कात्रीनं वेगळे केले, बाकी सगळं दातानं चीर देऊन टर्रकन फाडलं. शिवलेली कड बाळाला रुतते, फाडलेली रुतत नाही, असं तिचं म्हणणं. भेट आलेले नाडीचे लंगोट तिनं बाजूला सारले. ओली नाडी रात्री दोन वाजता सोडून दाखवा म्हणाली.

बाळुतं बांधायची तिची रीत सांगते, कारण मला ती शिकायला चार दिवस लागले. चौकोनाचा त्रिकोण करायचा. लांब बाजू बाळाच्या कमरेखाली, टोक पायाकडे. मधोमध दुसऱ्या बाळुत्याची उभी, चारपदरी घडी ठेवायची. मुलगा असेल तर घडीचा जाड भाग पुढे. टोक पायांमधून वर पोटावर आणायचं, दोन्ही बाजूंची टोकं त्यावर घेऊन एक दुसऱ्यात खोचायचं. नाळ पडलेली नसेल तर पुढची कड बेंबीच्या खाली दुमडायची. आणि पाय मोकळे राहिले पाहिजेत, बेडकासारखे. पाय सरळ करून घट्ट आवळू नका, खुब्याला चांगलं नसतं.

महिन्याभरानं मी त्यात फक्त कव्हरची भर घातली. बाहेरून पाणी न झिरपणारं कव्हर, आत आजीचंच बाळुतं लांबट घडी करून. सहा कव्हरं, तीस बाळुती. कव्हरला शी लागली नाही तर पुसून, वारा देऊन पुन्हा तेच. नंतर इचलकरंजीहून मलमल आणून २७ इंची चौकोन कापले आणि कडांना पिको करून घेतला. पिको आजीला पसंत नाही.

जत तालुका. मुलगी सात महिन्यांची. बोअरचं पाणी

पाण्याबद्दल विचारलंत ते बरं केलंत. आमच्या पाण्यात डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही, नळाच्या तोंडाला पांढरं कवच. मी पॉकेट नॅप्यांनी (आत पॅड सरकवायला खिसा असतो त्या) सुरुवात केली. पहिला महिना झकास. दुसऱ्या महिन्यात आतले पॅड पापडासारखे कडक, आणि सकाळी रात्रीची नॅपी उघडली की डोळ्यांना झोंबायचं. लेकीचं बूड लाल. सगळे म्हणाले, कापडानं झालं, सोड.

कापडानं नव्हतं झालं, माझ्या धुण्यानं झालं होतं. व्हिडिओत सांगतात पावडर अगदी चिमूटभर टाका, नाहीतर कापडात साबण अडकतो. ते मऊ पाण्याच्या गावचं गणित. जड पाण्यात पावडरीचा निम्मा जीव पाण्याशी भांडण्यातच जातो, मळापर्यंत पोहोचतच नाही. मग कापडात मूतही राहतं नि क्षारही बसतात. आता बादलीत आधी धुण्याचा सोडा विरघळवते (खायचा नव्हे), मग पावडर पुरेशी टाकते. पहिल्यांदा साध्या गार पाण्यातून खळबळून काढायचं, मग गरम पाण्यात धुवायचं, मग दोनदा स्वच्छ पाण्यातून. कपडे मऊ करणारं ते सुगंधी द्रव्य बंद. त्याचा थर बसतो आणि कापड प्यायचंच विसरतं. पाऊस पडला त्या दिवशी पत्र्याच्या पन्हाळीखाली पातेली लावून सगळे पॅड पावसाच्या पाण्यात धुतले. काय फेस आला म्हणून सांगू! शेजारीण बघायला आली.

आमच्याकडे पाणी विकत घ्यायची पाळी येते तेव्हा मी सरळ डायपर वापरते. टँकरच्या पाण्यानं नॅप्या धुण्यात कसला आलाय शहाणपणा.

पाटणच्या वर, कोयनेच्या बाजूला. दोन मुलं, दोघांना कापडीच

तुमचं पाण्याचं रडगाणं, आमचं उन्हाचं. जून ते सप्टेंबर दोरीवरचं कापड वाळत नाही, उलट आणखी ओलं होतं. बांबूचे जाड पॅड दोन-दोन दिवस दमट राहून कुबट वास मारायचे. पावसाळ्यात आमच्याकडे एकपदरी मोठं पातळ कापडच चालतं. घडी घातली की जाड, उलगडलं की झिरझिरीत, घरात पंख्याखाली काही तासांत वाळतं. वीज असली तर.

वीज नसली की सासूबाईंचं डालगं, म्हणजे बांबूची मोठी टोपली. शेगडीत निखारे, त्यावर राखेचा पातळ थर, वर उपडं डालगं आणि त्यावर बाळुती पसरायची. चिमूटभर ओवा टाकला की कापडाला वासही छान येतो. (बाळाच्या खोलीत मात्र नाही, पडवीत. धूर बाळाच्या छातीला नको.) थोरल्याच्या वेळी मी नवीन कव्हरंही हौसेनं त्याच डालग्यावर टाकली आणि चहा करायला गेले. परत येईस्तोवर एकाचा आतला प्लॅस्टिकचा अस्तर-थर भाकरीसारखा फुगलेला, दुसऱ्याचा सुटून आलेला. तीन कव्हरं एका कपात गेली. कव्हर सावलीत, निथळून, वाऱ्यावर. त्याला आच नको, पिळा नको.

सांगलीवाडी. मी बाबा आहे

धुतं कोण, याचं उत्तर: मी. बायकोचं सिझर झालं होतं, वाकता येत नव्हतं, आणि धुण्याच्या मावशींनी पहिल्याच दिवशी सांगितलं, "दादा, शीचं मी धुनार न्हाई." रास्त आहे. ज्याच्या लेकराची शी, त्यानं धुवावी. गच्चीत नॅप्या वाळत घालताना समोरचे काका रोज विचारायचे, "काय, आज किती?" मीही आकडा सांगायचो. सुरुवातीला दिवसाला दहा-बारा, सहाव्या महिन्यानंतर सहा-सात.

डाग पडतात, त्याची धास्ती घेऊ नका. अंगावर पिणाऱ्या बाळाची शी हळदीसारखी पिवळी असते आणि पाण्यानं सहज सुटते. राहिलेला पिवळेपणा ओल्या कापडावर कडक ऊन पडलं की उडतो. सांगलीकरांना हळद उन्हात फिकी पडते हे काय नव्यानं सांगायचं! खरा प्रश्न वरचं खाणं सुरू झाल्यावर. मऊ भात आणि नाचणीचं सत्त्व एकदा आत गेलं की जे बाहेर येतं ते आधी संडासातच पाडायचं, मग जेटनं धुवायचं, मग बादली. बादलीत भिजत ठेवू नका. आम्ही एकदा लग्नाला गेलो आणि बादली विसरलो. दुसऱ्या दिवशी झाकण उघडायला चिठ्ठ्या टाकल्या.

एक गोष्ट मात्र सांगितलीच पाहिजे. २०१९च्या ऑगस्टात कृष्णा चढली तेव्हा पोरगं तीन महिन्यांचं होतं. आम्ही माधवनगरला पाहुण्यांकडे, एका घरात सतरा माणसं. सगळीकडे पाणीच पाणी आणि वापरायला बादलीभर नाही. तेव्हा मदतीच्या गाडीतून आलेले डायपर मी दोन्ही हातांनी घेतले. परत आल्यावर घरातला गाळ काढला, वरच्या मजल्यावर गाठोड्यात राहिलेल्या नॅप्या उकळून घेतल्या आणि पुन्हा सुरू केलं. पुरात बापाला काटकसर नि पर्यावरण दोन्ही आठवत नाही, कोरडं बूड आठवतं.

कराड. परिचारिका आहे, स्वतःची मुलगी आता शाळेत

वर बूड लाल झाल्याचं आलंय म्हणून लिहिते. ओल्यानं होणारा लालपणा फुगीर भागावर असतो, जांघेच्या घड्या बहुतेक सुटतात. लाली घडीच्या आत शिरलेली, भडक, आणि कडेनं बारीक पुटकुळ्या विखुरलेल्या दिसल्या तर बुरशी असू शकते. तेव्हा घरचे उपाय करत बसू नका, डॉक्टरांना दाखवा. पावडर नकोच, उडून श्वासात जाते. झिंकचं मलम लावाल तर नॅपीवर मलमलीचा तुकडा अंथरा. मलम कापडात बसलं की तेवढ्या जागी पाणी शिरत नाही. मायक्रोफायबरचा (बारीक कृत्रिम धाग्यांचा) पॅड थेट कातडीला लावू नका, तो ओलावा इतका ओढतो की त्वचा कोरडी पडते. दर दोन-तीन तासांनी बदला, शी झाली की लगेच.

आणि कापडाचा एक फायदा कुणी सांगत नाही. पाचव्या दिवसानंतर बाळाला चोवीस तासांत किमान सहा वेळा शू व्हायला हवी, म्हणजे दूध पुरतंय. डायपरमध्ये हे मोजता येत नाही. बाळुती मोजता येतात. नव्या आयांना मी दोरीकडे बोट दाखवते.

वाई. आजी. नातीनं टाइप करून दिलंय

वाचून हसू आलं. आमच्या वेळी बाळुती होती आणि नदी होती, एवढंच होतं. त्यात मोठं कौतुक नव्हतं, हात फुटायचे थंडीत. पण तुम्ही बाया एक विसरलात. लेकरू दूध पिऊन झालं की पाय लांब करून बसायचं, त्याला आपल्या दोन्ही पावलांवर बसवायचं, पाठ आपल्या नडग्यांना टेकवून, आणि शूऽऽ करायचं. मान धरायला लागलं की सुरू करा. रोज त्याच वेळी. माझी तीनही पोरं वर्षाची व्हायच्या आत सकाळची शी पावलांवर करत होती. निम्मी धुणी तिथंच वाचली. नॅपी कसली चांगली विचारता, लेकराच्या तोंडाकडे बघा, ते आधी सांगतं.

सातारा, सदर बझार. बँकेत नोकरी

पाळणाघरात कापडी चालत नाही म्हणाले. भांडले नाही. दिवसा तिथे डायपर, घरी संध्याकाळपासून कापडी, रात्री पॅड दुप्पट. रविवार पूर्ण कापडी. अर्धवट करते म्हणून कुणी नावं ठेवली तर ठेवू देत. रोजचे तीन डायपर वाचतात, एक साधारण दहा रुपयांना धरला तरी महिन्याचे नऊशे.

पुन्हा मी, साताऱ्याहून

आजींचं वाचून काल करून पाहिलं. पावलांवर बसवलं, शूऽऽ केलं, लेकीनं माझ्याकडे पाहून फक्त हसून दाखवलं. आज पुन्हा.

जुन्या नॅप्या घ्याव्यात का, असं दोघींनी विचारलंय. घ्या, पण तीन गोष्टी बघून. कव्हरच्या आतल्या थराला उजेडासमोर धरा, तडे दिसले तर नको. बटणं दोन-तीनदा लावून-उघडून बघा. इलॅस्टिक सैल असेल तर मात्र घाबरू नका. चुलत जावेच्या चार नॅप्या मी राजवाड्याजवळच्या शिंप्याकडे नेल्या. त्यांनी एक उलटीपालटी केली, चष्मा वर सारला आणि विचारलं, "ताई, हे खोगीर का काय?" सांगितल्यावर त्यांनी कडेचे दोन टाके उसवले, जुनं इलॅस्टिक ओढून काढलं, सेफ्टीपिननं नवं ओवलं. नगाला वीस रुपये. चौथीचं इलॅस्टिक जरा आवळ झालंय, तेवढं बदलायला मंगळवारी जायचंय.