मदत हवी आहे : जुलैत सातेरीच्या पेटीतला मध संपला, फुलं असूनही!

भोर तालुका. सातेरीची (देशी मधमाशीची) एक पेटी, माश्या पोळ्याच्या चारच चौकटींवर, मध जवळपास संपलेला. शेजारी बोगनवेल, डबल झेंडू आणि हमेलिया फुललेत, तरी माश्या तिकडे फिरकत नाहीत. गुळाचं पाणी उघड्यावर ठेवलं तर चालेल का?

रानजाई : गूळ नको, माश्यांना जुलाब होतात. पांढरी साखरच घ्या. 1 लिटर पाणी गरम करून गॅस बंद करा, मग 1 किलो साखर विरघळवा. पाक उकळत ठेवायचा नाही. करपलेली साखर त्यांना बाधते. गार झाल्यावर, अंधारताना, पेटीच्या आत उथळ वाटीत 150–200 मिली ठेवा. वर काड्या टाका, नाहीतर बुडून मरतात. उरलेला पाक सकाळी काढा, आंबतो. उघड्यावर मात्र कधीच नाही. दुसऱ्या वसाहतीच्या माश्या वासावर येतात, लूट सुरू होते आणि कमजोर सातेरी पेटी सोडून जाते. दारही लहान करा. स्टँडचे पाय पाण्याच्या वाट्यांत हवेत, पाकाला मुंग्या लागतातच.

भुंगा : फुलांचं म्हणाल तर बोगनवेलीचा रंग पानांचा, खरं फूल मधलं बारीक पांढरं. डबल झेंडूत मकरंदाची मधली नळीदार फुलं पाकळ्यांसारखी झालेली असतात, नर्सरीवाल्याला शोभा हवी असते ना! हमेलियात मकरंद भरपूर, पण नळी लांब, तो शिंजीर पक्ष्याचा आणि फुलपाखरांचा. नळीच्या बुडाशी आधीच कुणी भोक पाडलं असेल तरच सातेरीला मिळतो.

त्यात पाऊस. उघड्या फुलातला मकरंद धुऊन जातो किंवा पातळ होतो. मधात पाणी साधारण 20 टक्क्यांच्या आत आणावं लागतं, म्हणजे पातळ मकरंद आटवण्यातच माशीची शक्ती जाते. झडीत तर ती बाहेरच पडत नाही.

प्रश्नकर्ता : पाकावर वसाहत वाढेल? मध कधी काढायचा?

रानजाई : नुसत्या पाकावर नाही. पाकात प्रथिनं नसतात, पिल्लांना पराग लागतो. येणाऱ्या माश्यांच्या मागच्या पायांवर परागाचे गोळे दिसतात का बघा. जवळ मका असेल तर तुऱ्यातून पराग मिळेल, मकरंद नाही. तुळस, सब्जा फुलू द्या, मंजिऱ्या खुडू नका. माश्यांनी न झाकलेल्या रिकाम्या चौकटी काढून ठेवा, मेणकिडा (पोळ्याचं मेण खाणारी अळी) तिथूनच शिरतो.

पाक चालू असताना मधकोठी (काढायचा मध साठतो तो वरचा कप्पा) चढवू नका. तिच्यात साठेल तो साखरेचा पाक, मध नव्हे. कारळा फुलला की मकरंद मिळू लागतो, मग पाक बंद करा.